चुन्याचे ठिपके, काताचे ठिपके

आमच्या राजापेठेतल्या खोलीत त्या वर्षी, म्हणजे चौसष्टच्या जानेवारीत, तीन माणसं आणि चारेकशे माश्या राहत होत्या. माणसं म्हणजे मी, माझे यजमान देवराव आणि आमची पाच महिन्यांची उत्पला. माश्या बाटल्यांत. दवाखान्यातल्या औषधाच्या त्या बाटल्या, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी अजून अंगाला चिकटलेली. तळाशी केळं, गूळ आणि ज्वारीचं पीठ शिजवून केलेला घट्ट घाटा, तोंडाला रुईचा बोळा. देवराव तहसील कचेरीत कारकून होते. घरी काय पाळलंय म्हणता, असं कचेरीत कुणी विचारलं की ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "बायकोचं दुभतं आहे."

या आपल्या घरातल्या माश्या नव्हेत. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी, तिळाएवढी, लाल डोळ्यांची माशी असते ना, ती. त्यातही हा वाण निराळा. कॉलेजातल्या महल्ले सरांनी तो कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेतून डिसेंबरात टपालाने मागवला होता. या माशीच्या कपाळावर, जिथे दोन मिशा असायला हव्यात, तिथे दोन पाय होते. चांगले सांध्यांचे, टोकाला नख असलेले पाय. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझा प्रबंध याच माशीवर होता.

सर सांगत, पाय कसा करायचा हे माशीच्या सगळ्या अंगाला ठाऊक असतं. डोक्यालाही ठाऊक असतं. पण डोक्यात एक जनुक पहाऱ्याला बसलेलं असतं. ते म्हणतं, इथे पाय नको, इथे मिशी. या वाणात तो पहारेकरी ढिला. त्याचा हुकूम सैल पडला की डोकं आपली जुनी विद्या बाहेर काढतं आणि पाय करून मोकळं होतं.

मग सर चष्मा काढून पुढचं सांगत. ते त्यांचं आवडतं होतं. अशी हुकूम देणारी जनुकं मुळात थोडीच असावीत. कधीतरी चुकून एकाची दोन होतात. कामाला एक पुरतं. पहिलं आपलं जुनं काम सोडत नाही, म्हणून दुसऱ्याला सूट मिळते. त्यात बदल झाला, बिघाड झाला, तरी जीव मरत नाही, कारण पहिलं उभं आहे. बहुतेक वेळा ते दुसरं वायाच जातं. पण लाखात एखादं नव्या जागी नवा हुकूम द्यायला शिकतं, आणि जिथे नुसते पायच पाय होते तिथे एखाद्या जोडीच्या मिशा होतात. काही अभ्यासकांचा हा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही, असं सर प्रत्येक वेळी शेवटी सांगत.

त्यांचा आणखी एक नियम होता. प्रत्येक बाटलीची जोडी ठेवायची. एक मेली तर दुसरी राहते.

मे महिन्यात नागपूरहून परीक्षक येणार होते. प्रबंध पसंत पडला तर जुलैपासून कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मला मिळेल, असं सरांनी शब्द दिल्यासारखं सांगितलं होतं. नाही पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. पण देवरावांची बदली जूनमध्ये ठरलेली होती. मला इथे नोकरी असती तर ती थांबवण्याचा अर्ज करता आला असता. नसती तर मी, उत्पला आणि ट्रंका कुठल्या तरी दूरच्या तालुक्याला गेलो असतो. म्हणजे माझ्यापुरतं पुढचं वर्ष नव्हतंच.

आता मैनाबाईबद्दल सांगते. मैना माझी थोरली बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ती अकोटजवळ एका पानमळ्यात कामाला होती. दुसरीतून शाळा सुटली, लग्न झालं, दोन वर्षांत संसार मोडला आणि ती माहेरी परत आली. छप्पन साली नागपूरहून धम्म घेऊन आल्यावर आमच्या बापाने, डोमाजीने, ओट्यावर बसून सांगितलं होतं की फुला कॉलेजात जाईल. फुला म्हणजे मी, पंचफुला. पुढे वर्षभरात तो गेला. बोललेलं पूर्ण करायला मैनाबाई राहिली. माझ्या वसतिगृहात दर महिन्याला तिच्याकडून कुणीतरी यायचं, पानाच्या डालीत एक पुडकं असायचं. पुडक्यात काय असायचं ते मी इथे लिहीत नाही. उत्पलाच्या जन्मानंतर मला प्रयोगशाळेत जाता यावं म्हणून ती मळ्यातली मजुरी सोडून चार महिने आमच्याकडे राहून गेली होती.

फेब्रुवारीत ती उत्पलाला पाहायला आली. पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि खिडकीतल्या बाटलीकडे टक लावून पाहू लागली.

"फुला, ह्या माशीच्या कपाळाले काय लागलं वं?"

मी चकित झाले. मला ते पाय भिंगाखाली घेतल्याशिवाय दिसत नसत. पण पानावर सुईच्या टोकाएवढी कीड वेळीच दिसली नाही तर अख्खी वेल जाते. तिचे डोळे वीस वर्षं तेच काम करत आले होते. मग मी तिला पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली, एकाच्या दोनांची सांगितली, जोडीच्या बाटल्यांचा नियम सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, उन्हाळ्यात यांचं काय करतेस? माझीही काळजी तीच होती. एप्रिल लागला की अमरावतीत माणसं पाण्याने भिजवलेल्या चादरी पांघरतात. तिळाएवढ्या जिवाची काय कथा. आधी नर वांझ होतात, मग सगळ्याच मरतात.

"मह्या मळ्यात ठेव," ती म्हणाली. "तिथं मे महिन्यात बी पानाले थंडी वाजते."

मी तिला तीन जोड्या दिल्या, सहा बाटल्या. घाटा कसा बदलायचा, माश्या एका बाटलीतून दुसरीत थोपटून कशा उतरवायच्या, सगळं दाखवलं. बजावून सांगितलं की सहाच्या सहा बाटल्या मोठ्या मडक्यात ठेवायच्या आणि मडकं पाटाच्या कडेला ओल्या वाळूत पुरायचं. प्रयोगशाळेतला एक थर्मामीटरही दिला. तिला आकडे वाचता येत नव्हते.

"मंग मी याचं काय करू?"

उत्पला तेव्हा रडत होती. पारा कुठवर चढतो ते पाहून ठेव, असं काहीतरी मी घाईत बोलले आणि विसरून गेले.

मार्च लागला आणि अमरावतीतल्या माश्यांचे पाय कमी होऊ लागले. एका पिढीत आखूड झाले, नखं गेली. पुढच्या पिढीत तर भिंगाखाली नुसती मिशी, बुडाशी जराशी जाड. चारचौघींसारखी माशी. प्रयोगशाळेतल्या बाटल्या आणि घरातल्या बाटल्या, दोन्हीकडे तेच.

महल्ले सरांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्यांचं निदान साधं होतं. बोळा कुठेतरी सैल राहिला, बाहेरची माशी आत शिरली, वाण बाटला. आता हा कलकत्त्याचा वाण राहिला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

"घरी लहान मूल आहे, मिसेस तायडे," ते म्हणाले. "असं व्हायचंच. मी समजू शकतो."

त्या समजण्याने मी दोन दिवस जेवले नाही. बोळा सैल राहिला असेल का? रात्रंदिवस पोरीचं करताना एखादा राहिलाही असेल, कोण जाणे. बाटलेल्या माश्या इतर वाणांत शिरू नयेत म्हणून सरांनी सगळ्या बाटल्यांवर उकळतं पाणी ओतायला सांगितलं. प्रयोगशाळेतल्या मी संपवल्या. घरी आले, दोन जोड्या संपवल्या. तिसऱ्या जोडीवर किटली धरली आणि उत्पला उठली. तिला निजवेपर्यंत पाणी निवून गेलं. ती जोडी तशीच राहिली. माझ्या प्रबंधात या गोष्टीचा उल्लेख नाही, पण खरं सांगायचं तर ती जोडी माझ्या मुलीने रडून वाचवली आहे.

एकच आशा उरली होती, मैनाबाईकडच्या सहा बाटल्या. दुसऱ्या दिवशी उत्पलाला कडेवर घेऊन, ती वाचलेली जोडी पिशवीत टाकून मी अकोटची एस.टी. धरली. दर्यापूरपर्यंत उभी होते. मग एका म्हातारबाबांनी जागा दिली आणि बाटल्या पाहून विचारलं, लेकराचं औषध आहे का? मी हो म्हटलं.

पानमळा बाहेरून कुडाच्या भिंतीसारखा दिसतो. आत शिरलं की ऊन संपतं. शेवगा, पांगारा, सावरी यांच्या दाट रांगा, प्रत्येक खोडावर चढलेली वेल, खाली पाटाचं पाणी आणि पायांना गार लागणारी काळी माती. दाराशी चपला काढायच्या. मालक खुशालराव यांच्या घरच्यांनाही हा नियम माफ नव्हता. पान हे देवासारखं, त्याच्यापुढे जोडे नाहीत. पूर्वी आमच्या माणसांना या कुडाच्या आत पाऊल ठेवू देत नसत, बांधावरूनच काम करून परत जायचं. मैनाबाई आत गेली ती स्वतःच्या डोळ्यांच्या जोरावर. एका पावसाळ्यात तिने बांधावरून, कुडाच्या फटीतून, वेलीवरची कीड ओळखली होती. मालकीणबाई गोदाबाईंनी त्या दिवशी स्वतः दार उघडून तिला आत बोलावलं.

बाटल्या आणल्या तेव्हा गोदाबाईंनी विचारलं होतं म्हणे, की मैना, ही घाण मळ्यात कशाला? आणि मैनाबाईने उत्तर दिलं होतं, "बाई, यायच्या पायात चपला नाहीत. कपाळावरच्या पायात बी नाहीत." गोदाबाई हे मला सांगताना इतक्या हसल्या की उत्पलाही त्यांच्याकडे पाहून हसू लागली आणि त्यांच्याच कडेवर गेली.

मैनाबाई पाटावर वाकलेली होती. मी नमस्कारचमत्कार न करता विचारलं, मडकं कुठे? तिने पाटाच्या कडेला बोट दाखवलं आणि मग वर, एका पांगाऱ्याकडे. पांगाऱ्याच्या फांदीला, माणसाच्या उंचीवर, माझ्या तीन बाटल्या सुतळीने टांगलेल्या होत्या.

मी भिंग काढून त्यातली एक पाहिली. माश्यांचे पाय अर्धे झालेले. नख नाही. म्हणजे इथेही वाण बाटला. माझं डोकं फिरलं. मी तिला बोलू नये ते बोलले. सहाच्या सहा मडक्यात ठेव म्हणून बजावलं होतं, तू उघड्यावर टांगून ठेवल्यास, जंगलातली माशी आत शिरली, माझं वर्ष गेलं. एवढं एक काम सांगितलं होतं, तेही तुला झालं नाही.

ती शांतपणे पदराला हात पुसत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तूच म्हणे ना, जोडी कावून करतात? एक मेली तर दुसरी राहावी म्हणून. मंग दोनी एकाच मडक्यात कशा ठेवू? पाटाले पाणी जास्त सुटलं अन् मडकं बुडलं, तं दोनी जातात. दोन केल्या कायले मंग?"

अमरावतीत मी प्रत्येक जोडी शेजारी शेजारी, एकाच फळीवर ठेवत होते. सरही तसंच करत होते.

तिने वाळू बाजूला केली, मडक्यावरची मातीची परात उचलली आणि आतली बाटली माझ्या हातात दिली. ती गार होती. मी भिंग लावलं. कपाळावर दोन पाय. पूर्ण. सगळे सांधे, टोकाला नख. जानेवारीत होते त्याहूनही स्पष्ट.

"झाडावरच्यायचे आखूड होतात, मडक्यातल्यायचे लांब राहतात," ती म्हणाली. "मी समजली तुले माईत असन."

मला माहीत नव्हतं. कुणालाच आमच्या कॉलेजात माहीत नव्हतं. तरी मन मानेना. झाडावरच्या बाटलीत बाहेरची माशी शिरली नसेल कशावरून, असं मी तिला विचारलं, म्हणजे खरं तर स्वतःलाच विचारलं.

"शिरली असती तं तिची लेकरं मडक्यात गेल्यावर बी आखूडच राहिली असती ना? मी पाह्यलं करून. मागच्या पंधरवड्यात झाडावरची एक बाटली मडक्यात उतरवली. माय आखूड, लेकरं लांब." तिने खालची दुसरी बाटली काढली. "अन् मडक्यातली वर टांगली, तं माय लांब अन् लेकरं आखूड. गर्मीचं काम आहे हे, फुला. थंड्यात पाय होते, गर्मीत मिशी होते."

वाण बाटला नव्हता. माझा एकही बोळा सैल नव्हता. पहारेकरी ढिला होता खरा, पण उन्हात तो जागा होत होता आणि गारव्यात पुन्हा पेंगत होता. जानेवारीत आमच्या खोलीत गारठा होता म्हणून पाय होते. मार्चमध्ये उन्हाने ते पुसले. आणि ज्या माश्यांवर मी उकळतं पाणी ओतलं त्या सगळ्या अस्सल होत्या.

किती गारवा, किती ऊन, हे कळायला हवं होतं. मी हताशपणे विचारलं, थर्मामीटर आहे का कुठे?

तिने पांगाऱ्याच्या ढोलीतून तो काढून दिला. काचेवर ठिपके होते. खालच्या अंगाला पांढरे, दाटीने, एकावर एक. वर, चार बोटं सोडून, तांबूस तपकिरी. पांढरा ठिपका चुन्याचा, तपकिरी काताचा. रोज, पाणी सोडायच्या आधी, तिने थर्मामीटर मडक्यात धरून पाऱ्याच्या टोकाशी चुन्याचं बोट टेकवलं होतं आणि मग झाडावर धरून काताचं. चार आठवडे, एक दिवस न चुकता. मी सांगितलेलं मी विसरले होते. ती विसरली नव्हती. मी आकडे वाचले. चुना एकवीस ते तेवीसच्या मध्ये. कात सत्तावीस, अठ्ठावीस.

मी तिथेच पाटाच्या कडेला बसले. माझी माफी मागण्याची सवय कच्ची आहे, ती तेव्हाही तशीच निघाली. मी एवढंच म्हणू शकले की बाई, मी वेडी आहे. ती म्हणाली, ते मले लहानपणापासून माईत आहे, आता उठ, चिखलात बसली तू.

पुढचे सहा आठवडे मी आयुष्यात कधी झोपले नाही इतकी कमी झोपले आणि कधी नव्हते इतकी आनंदात होते. किटलीतून वाचलेल्या जोडीच्या माश्या, ज्यांना सर बाटलेल्या म्हणत होते, त्या आम्ही मडक्यात ठेवल्या. दोन आठवड्यांनी त्यांच्या लेकरांच्या कपाळावर पाय आले. मी ती बाटली, ओल्या पानांत गुंडाळून, डालीत घालून, एस.टी.ने अमरावतीला आणली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "उन्हात काय काय मरतं, एवढंच मी आजवर मोजत आलो."

प्रबंध मी उत्पलाच्या झोपेच्या तुकड्यांत लिहिला. देवराव कचेरीतून येताना टंकलेखनाचे कागद आणत आणि पोरीला खांद्यावर टाकून राजापेठेच्या चौकापर्यंत जाऊन येत. तेवढ्यात माझं एक पान व्हायचं. तापमानाच्या तक्त्याखाली नोंद कुणी घेतली हे लिहायचं असतं. सरांनी 'स्थानिक मदतनीस' असं सुचवलं. मी लिहिलं, नोंद व निरीक्षण: मैना डोमाजी खंडारे, अकोट. सरांनी ते वाचलं, पेन्सिल उचलली, परत ठेवली.

परीक्षक उंच, कोरडे गृहस्थ होते. त्यांनी माझे तिन्ही ढीग भिंगाखाली पाहिले: मडक्याचे पूर्ण पाय, झाडाचे अर्धे, आणि अमरावतीतल्या मिशा. आकडे तपासले. एक बेरीज चुकली होती ती दाखवली. इंग्रजीतून प्रश्न विचारत होते आणि मी इंग्रजीतून उत्तरं देत होते. मग त्यांनी प्रबंधाचा शेवटचा भाग उघडला, एकाच्या दोन जनुकांचा.

त्यांचा प्रश्न असा होता की पहारेकरी जनुकाचं काम इतकं मोलाचं, की ते एक क्षण थांबलं तरी डोक्यावर पाय उगवतात. मग असं जनुक नवं काम शिकायला जाणार कधी? जुनं सोडलं तर जीव बिघडतो, आणि सोडलं नाही तर नवं येत नाही.

पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. मी सुरुवातही केली. पण टेबलावर तो थर्मामीटर पडला होता, आणि माझं इंग्रजी संपलं.

"सर, एका घरात दोन बहिणी असल्या," मी मराठीत म्हणाले, "आणि थोरलीने घरचं सगळं काम अंगावर घेतलं, तर धाकटीला चुका करायला सवड मिळते. ती परीक्षेत नापास झाली तरी चूल बंद पडत नाही. धाकटी नवीन शिकते ते तिच्या हुशारीने नाही, सर. थोरली जागची हलली नाही म्हणून शिकते."

महल्ले सर खिडकीबाहेर पाहत होते. परीक्षकांनी मराठीतच विचारलं, "म्हणजे थोरलीला नवं काही यायचंच नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. माझी उपमा मला फार नेटकी वाटली होती आणि त्यांनी ती एका वाक्यात मोडली. त्याचं मला अजून बरं वाटतं.

"नाही, सर," मी म्हणाले. "ते माझं चुकलं." आणि थर्मामीटर त्यांच्या हातात दिला. "हे थोरलीचं आहे. जुनं काम न सोडता केलेलं."

त्यांनी तो उजेडाकडे धरला. पांढरे ठिपके, तपकिरी ठिपके. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चुना आणि कात, सर. तिला आकडे येत नाहीत. त्यांनी तक्त्याखालचं नाव पुन्हा वाचलं, मोठ्याने वाचलं, आडनावासकट. मग प्रबंधावर सही केली.

जुलैत मी नोकरीवर रुजू झाले. देवरावांच्या अर्जावर होकार आला. पहिल्या आठवड्यात मैनाबाई आमच्याकडे आली, पानांची डाली घेऊन, आणि मी तिला कॉलेज दाखवायला नेलं. उत्पला तिच्या कडेवर. प्रयोगशाळेच्या दारात तिने चपला काढल्या. मी म्हटलं, बाई, इथे चालतं. ती म्हणाली, तुह्या मळ्यात तुले चालत असन, आणि अनवाणी आत आली.

मी तक्त्याचं पान तिच्यापुढे धरलं आणि तिचं नाव कुठे आहे ते दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, हलकेच, पानाच्या देठावरून फिरवावं तसं. मग मी सूक्ष्मदर्शक लावून दिला. उत्पलाला माझ्याकडे देऊन ती वाकली. इतके महिने नुसत्या डोळ्यांनी जे पाहत होती ते तिने पहिल्यांदा मोठं पाहिलं. ती हलेचना. खूप वेळाने, डोळा तसाच ठेवून म्हणाली, "नखं बी हायेत वं, फुला. दोन दोन." आणि मग, "आता ते झाडावरचं दाखव."

मी काच बदलत होते, तेवढ्यात महल्ले सर दारापर्यंत आले. त्यांना बहुतेक काहीतरी घाईचं काम होतं, हातात कागद होते. उंबऱ्यापाशी झिजलेल्या चपलांची एक जोडी नीट लावून ठेवलेली होती. सरांनी ती पाहिली, आत वाकलेली मैनाबाई पाहिली, आणि ते बाहेरच थांबले. तिचं पाहून होईपर्यंत थांबले.